इंटिरिअरमध्ये नऊ वर्षं

४ मार्च, सोमवार
धाकटी लग्न करतेय. सेहेचाळिसाव्या वर्षी. जेवताना मीठ मागावं इतक्या सहज तिने सांगितलं, आणि वर विचारलं, "भाजी गरम करू का?"

माणूस म्हणजे आमच्या इमारतीचा पंप दुरुस्त करायला येतात ते. पंप एकदाच बिघडला होता, हे चार वेळा आले. तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. वय बावन्न, उंच, बोलणं मोजकं. मी त्यांना मनात पंपवाले म्हणते, तेच इथे लिहिते.

लग्न नोंदणी कार्यालयात करायचंय. तिथे वराने गेली पंधरा वर्षं कुठे काढली त्याचा पुरावा लागतो. पंपवाल्यांचे कागद इंग्रजीत आहेत, ते आपल्या भाषेत प्रमाणित करून द्यावे लागतील. एकतीस वर्षं मी दुसरं काही केलेलं नाही. धाकटी म्हणाली, "ताई, कागद तूच कर. घरात अनुवादक असताना बाहेर कशाला जायचं?"

मी हो म्हणाले. भाजी मात्र ताटातच राहिली.

५ मार्च, मंगळवार
कालची गोष्ट अर्धीच लिहिली. उरलेली आज लिहून टाकते.

बावीस वर्षांपूर्वीही धाकटीच्या लग्नाचे कागद मीच पाहिले होते. स्वच्छ टंकलेले, शिक्के जागच्या जागी. मी ऐटीत सांगितलं होतं, "सगळं व्यवस्थित आहे." आठ महिन्यांनी त्या गृहस्थांची पहिली बायको मुलाला कडेवर घेऊन दारात उभी राहिली. धाकटी दोन पिशव्या घेऊन माझ्याकडे आली ती आजतागायत इथेच आहे. तिने मला एका शब्दाने कधी बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

तेव्हा या खेपेला डोळ्यांत तेल घालून वाचायचं.

६ मार्च, बुधवार
वाचलं.

शाळेचा दाखला ठीक. आईवडिलांच्या मृत्यूचे दाखले ठीक. पण मधली नऊ वर्षं एकाच पत्रावर उभी आहेत. विहिरी खणणाऱ्या कुठल्याशा कंपनीचं ते पत्र चार ओळींचं आहे. सदर इसम नऊ वर्षं 'द इंटिरिअर'मध्ये होता. तिथे असताना त्याचं वर्तन चांगलं होतं. अमुक तारखेला त्याला 'रिलीज' करण्यात आलं. खाली न वाचता येणारी सही.

वर्तन चांगलं होतं! नोकरीच्या पत्रात काम चांगलं होतं असं लिहितात. वर्तन कुठे चांगलं असावं लागतं? आणि नोकरीतून माणसाला 'रिलीव्ह' करतात. 'रिलीज' कुठून करतात?

माझ्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

७ मार्च, गुरुवार
कचेरीत मोठा कोश काढला. इंटिरिअर: पहिलं इंग्रजी अक्षर लहान आय असेल तर आतली बाजू, घराची, पेटीची, कशाचीही. मोठा आय आणि आधी 'द' असेल तर देशाचा समुद्रापासून लांबचा, डोंगरांपलीकडचा मुलूख. आणि त्याच मोठ्या आयने गृहखातंही होतं. गृहखात्याकडे पोलीस आणि तुरुंग.

म्हणजे एक अक्षर लहान की मोठं यावर सगळा खेळ. पत्र भिंगाखाली धरलं, तर अख्खं पत्र मोठ्या अक्षरांत टंकलेलं! मशीनची लहान अक्षरं मोडली असतील, किंवा कोणाला तरी मोडलेलीच हवी असतील.

आमच्या टंकलेखकाला विचारलं, इंटिरिअर म्हटलं की तुझ्या डोळ्यांसमोर काय येतं? तो म्हणाला, "सोफे, पडदे, आणि बायकोची यादी."

नोटरीबाई, म्हणजे आमच्या कचेरीच्या मालकीणबाई, आतून ओरडल्या, "ज्याने लिहिलं त्याला विचारा. नाहीतर ज्याच्याबद्दल लिहिलं त्याला." बोलायला काय जातं? ज्याच्याबद्दल लिहिलंय तो खरं सांगेल हे गृहीत धरलेलं दिसतं.

१० मार्च, रविवार
पंपवाले चहाला आले होते. धाकटीने निळी साडी नेसली होती. मी बोलता बोलता सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुम्ही म्हणे इंटिरिअरला होतात?"

कप बशीत ठेवताना त्यांचा हात थांबला. मी पाहिलं. मग म्हणाले, "हो. नऊ वर्षं आत होतो."

आत होतो! आपल्याकडे 'तो आत आहे' म्हटलं की माणसं आवाज खाली आणतात. मी धाकटीकडे बघितलं. ती बिस्किटं मांडत होती.

"कसं काय होतं तिकडे?"

"काम असतं. दिवस जातो."

"आणि गाव कोणतं?"

"गावं बदलत होती." एवढं बोलून ते स्वयंपाकघरातल्या नळाचा वायसर बघायला उठले. कोणी सांगितलं नव्हतं.

आणखी नोंदी: जेवण असो की बिस्किट, खाली बघून भराभर संपवतात. ताट स्वतः विसळतात. धाकटी कौतुकाने सांगत होती की ते पहाटे पाचला गजराशिवाय उठतात, अंथरुणाची चौकोनी घडी घालतात आणि साबण कागदात गुंडाळून ठेवतात. तिला यात शिस्त दिसते. मला शिस्त लावणारा कोणीतरी दिसतो.

१२ मार्च, मंगळवार
दुपारची सुट्टी घेऊन सार्वजनिक वाचनालयात गेले. इंग्रजी वर्तमानपत्रांत हा शब्द कसा वापरतात ते वहीत उतरवून घेतलं. गमतीदार प्रकार आहे. हवामान खात्याचं इंटिरिअर डोंगर ओलांडल्यावर सुरू होतं. बस कंपनीचं शहराच्या तिसऱ्या नाक्यापासूनच. डॉक्टरांच्या लेखात 'इंटिरिअरचे रोगी' म्हणजे उशिरा आलेले. कपड्यांच्या जाहिरातीत 'आता इंटिरिअरमध्येही' म्हणजे जिथे आपण जात नाही तिथे. हद्द कोणीच सांगत नाही.

जुना नकाशाही काढायला लावला. किनाऱ्यावर नावांची नुसती गर्दी. डोंगरापलीकडे मोकळा कागद, आणि त्यावर तो एकच शब्द, अक्षरं इतकी फाकवून छापलेली की एका अक्षरापासून दुसऱ्यापर्यंत बोट न्यायला वेळ लागतो. लिहायला दुसरं काही नव्हतं म्हणून तो लिहिलाय.

असल्या शब्दात नऊ वर्षं काय, अख्खा माणूस लपेल.

कंपनीच्या पत्त्यावर चौकशीचं पत्र टाकलं. धाकटीला सांगितलं की नोटरीबाई रजेवर आहेत, कागदांना वेळ लागेल. बाई माझ्यापासून सहा फुटांवर बसलेल्या होत्या. खोटं बोलण्याची मला सवय नाही, पण कारण चांगलं आहे.

१७ मार्च, रविवार
धाकटी म्हणते लग्नानंतर ते दोघं तिकडेच राहायला जाणार. डोंगरापलीकडे. पंपवाल्यांना तिथल्या पाणीपुरवठ्यात काम मिळतंय, याच कागदांवर.

"इतक्या लांब?" मी म्हणाले.

"बस जाते ग."

"तिकडे तू कोणाला ओळखत नाहीस."

"त्यांना ओळखते की."

"ओळखतेस? नऊ वर्षं कुठे होते विचारलंस?"

तिने माझ्या डोळ्यांत औषधाचे थेंब घातले, रोज घालते तसे, आणि झाकण लावत म्हणाली, "विचारलं. म्हणाले, सांगेन. मी म्हटलं, सावकाश सांगा."

सावकाश! पहिल्यानेही सावकाशच सांगितलं होतं.

इथे एक गोष्ट नोंदवून ठेवते. मला एकटं राहण्याची मुळीच भीती नाही. थेंब मी आरशात बघून घालू शकते. आज करून पाहिलं. तीन गालावर गेले, एक डोळ्यात. सरावाचा प्रश्न आहे.

२१ मार्च, गुरुवार
माझं चौकशीचं पत्र परत आलं. कंपनी बंद झालीय, पुढचा पत्ता नाही. वा! एकुलता एक साक्षीदार, तोही गायब.

धाकटी रोज विचारते, "बाई आल्या का रजेवरून?" आज टंकलेखकाला ती बाजारात भेटली, त्याने सांगितलं असणार, कारण घरी आल्यावर तिने बाईंच्या रजेचं नावही काढलं नाही. पिशवी रिकामी केली. मग म्हणाली, "ताई, सोमवारी दे हं कागद."

२५ मार्च, सोमवार
दिले.

जे केलं ते इथे खरं खरं लिहिते. त्या पत्राचा अनुवाद मी असा केला: 'सदर इसम नऊ वर्षे गृहखात्याच्या अखत्यारीत आत होता. तेथे असताना त्याची वर्तणूक चांगली होती. त्यानंतर त्याची सुटका करण्यात आली.' एकही शब्द कोशाबाहेरचा नाही. कोणीही कोश उघडून बघावा. शिक्का मारला, सही केली, लिफाफा बंद केला. नोटरीबाईंनी नेहमीप्रमाणे न वाचताच सही केली होती, एकतीस वर्षांचा विश्वास.

मी आरोप केलेला नाही. नोंदणी कार्यालय काय ते तपासेल. तो निर्दोष असेल तर त्याला भ्यायचं कारण नाही. आणि नसेल, तर धाकटी वाचेल आणि मला बोल लावायला मोकळी होईल. चालेल मला.

सही थोडी वाकडी आली. ते वयाचं आहे.

२७ मार्च, बुधवार
धाकटी दुपारी तीनलाच घरी आली. चप्पल न काढता आत आली, खुर्चीत बसली. मी सुट्टीवर होते.

कार्यालयाच्या खिडकीतल्या कारकुनाने कागद मोठ्याने वाचला म्हणे. मागे रांग होती. मग विचारलं, "कोणत्या तुरुंगात होता? गुन्हा कोणता?" रांगेतली माणसं एक पाऊल मागे सरली. पंपवाले काही बोलले नाहीत. कारकून म्हणाला, पोलिसांचा दाखला आणल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, आणि पाणीपुरवठ्यालाही हीच प्रत जाईल.

"ते गप्प का बसले?" मी विचारलं. "खरं असल्याशिवाय कोणी गप्प बसतं?"

धाकटीने पिशवीतून कागद काढून माझ्यासमोर धरला. "हे तू लिहिलंस?"

"शब्द बरोबर आहेत."

"मी शब्दांचं विचारलं नाही. तू लिहिलंस का?"

मी हो म्हणाले. ती उठली, आपल्या खोलीत गेली. दार आपटलं नाही. हळूच लावलं, कोणी झोपलेलं असताना लावतात तसं.

२८ मार्च, गुरुवार
पंपवाले कचेरीत आले. मला वाटलं आता तमाशा होणार. टंकलेखकाने कान टवकारले. नोटरीबाई आतल्या खोलीतून बाहेर येऊन उभ्या राहिल्या, त्यांना तोपर्यंत काही माहीत नव्हतं.

ते म्हणाले, "ताई, मूळ पत्र हवंय." मी दिलं. ते घेऊन निघतील असं वाटलं, पण उभेच राहिले. मग विचारलं, "बसू का?"

त्यांनी जे सांगितलं ते आठवेल तसं लिहिते.

कंपनी डोंगरापलीकडे विहिरी खणायची. खाली उतरणारे दोघे, हे आणि त्यांचा जोडीदार. आठव्या वर्षी एक विहीर ढासळली तेव्हा खाली जोडीदार होता. कंपनीने दोन दिवस उकरलं आणि सोडून दिलं. त्याच्या बायकोला पत्र पाठवलं, इंग्रजीत. तुमचे पती इंटिरिअरमध्ये हरवले आहेत.

"ते पत्र तिला मी वाचून दाखवलं. ती म्हणाली, भाऊ, आत हरवले म्हणजे कुठे? कशाच्या आत? कंपनीने शब्दच असा घातला होता की विहिरीलाही लागू पडावा आणि मुलखालाही. मला माहीत होतं. ती माझ्याकडे बघत होती. माझ्याने विहीर म्हणवलं नाही. मी म्हटलं, डोंगरांकडे कुठेतरी, वाट चुकला असेल. चौदा महिने तिने दाराला आतून कडी घातली नाही, ताई. तो आला तर खोळंबायला नको म्हणून."

 टंकलेखकाने मशीनवरचा हात खाली घेतला.

"मग एके दिवशी जाऊन खरं सांगितलं. तिने मला घराबाहेर काढलं. कंपनीला कळलं, त्यांनीही काढलं. हे पत्र देताना म्हणाले, पुढे कुठे वाच्यता करणार नसशील तर वर्तन चांगलं लिहितो. मी मान डोलावली. म्हणून इंटिरिअर हा शब्द मी तोंडात घेत नाही. तुमचा संशय अगदीच खोटा नव्हता. काहीतरी लपवलेलं होतंच. तुरुंग नव्हता, एवढंच."

"काल खिडकीशी हे का नाही सांगितलंत?" मी विचारलं. 

"तुमच्या सहीचा कागद होता. तो खोटा म्हणालो असतो तर तुमचं काय झालं असतं?" ते उठले. "आणि तिला आधी सांगायचं होतं. रांगेला नंतर. काल संध्याकाळी तिला सांगितलं."

ते गेल्यावर नोटरीबाईंनी कार्यालयीन प्रत मागितली. पहिल्यांदाच पूर्ण वाचली. मग हात पुढे केला. मी माझा शिक्का त्या हातावर ठेवला.

१ एप्रिल, सोमवार
तीन दिवस काही लिहिलं नाही. विचार करत होते की त्यांचं म्हणणं तरी कशावरून खरं. कंपनी बंद, जोडीदार विहिरीत, साक्षीला कोण? हा किडा डोक्यातून जात नाही, अजूनही. पण चौदा महिने न घातलेली कडी कोणी बनवून सांगत नाही. सांगत असेल तर तो माझ्यापेक्षा मोठा कारागीर आहे.

आज नोंदणी कार्यालयात गेले. रांगेत उभी राहिले, त्याच. खिडकीशी गेल्यावर कारकुनाला म्हणाले, "परवा जो कागद तुम्ही मोठ्याने वाचलात तो चुकीचा आहे. चूक माझी आहे. जाणूनबुजून केलेली आहे. हेही मोठ्याने वाचा." आणि अर्ज पुढे केला.

तो बिचारा गोंधळला. म्हणाला, "बाई, जाणूनबुजून असं लिहू नका. नजरचूक लिहा. नाहीतर तुमची सनद जाईल."

"शिक्का आधीच गेलाय," मी म्हणाले. "सनदही तुमच्याकडे ठेवा."

त्याने वाचलं. हळू आवाजात वाचलं, पण मागच्या दोघांना तरी ऐकू गेलं असावं.

नवा अनुवाद दुसऱ्या कचेरीतून करून घ्यावा लागला. त्या तरुण बाईने इंटिरिअरचं 'देशाचा अंतर्भाग' केलं. वाईट नाही. मी 'डोंगरापलीकडील मुलूख' केलं असतं. कोणी विचारलं नाही.

८ एप्रिल, सोमवार
पोलिसांचा दाखला आला. कोरा. त्यांच्या नावावर काही नाही. पाणीपुरवठ्याने काम कायम ठेवलं.

धाकटी माझ्याशी कामापुरतं बोलते. "दूध आलंय." "किल्ली खिडकीत आहे." थेंब घालायला येते, घालते, जाते. आज मी म्हणाले, "बावीस वर्षांपूर्वी मी नीट बघितलं नाही, म्हणून या वेळी…"

तिने वाक्य पुरं होऊ दिलं नाही. "तेव्हा तू फसलीस ताई. तेव्हाचं मी कधी मनात ठेवलं नाही. या वेळी तू फसली नाहीस."

१९ एप्रिल, शुक्रवार
लग्न झालं. साक्षीदार म्हणून धाकटीने टंकलेखकाला आणि नोटरीबाईंना नेलं. मला वेळ सांगितली होती, ये म्हणाली नव्हती. मी गेले. मागच्या बाकावर बसले. सही करताना ती थांबली आणि तिने एकदा मागे वळून बघितलं. पंपवाल्यांनी मला नमस्कार केला. मी केला की नाही आठवत नाही. केला असेल.

संध्याकाळच्या बसने दोघं गेली. तिच्या दोन पिशव्यांच्या आता सहा झाल्या होत्या. एक मी उचलायला गेले तर म्हणाली, "राहू दे, जड आहे." बसली. खिडकी उघडेना, पंपवाल्यांनी ठोकून उघडली. बस सुटताना ती म्हणाली, "दुपारचे थेंब विसरू नकोस."

हे प्रेमाने म्हणाली की सवयीने, ते मी घरी येईपर्यंत ठरवत होते. ठरलं नाही.

१२ मे, रविवार
धाकटीचा फोन. तीन आठवड्यांनी. मी दोनदा केला होता, लागला नव्हता. किंवा उचलला नव्हता.

घर दोन खोल्यांचं आहे. पाणी कडक, डाळ शिजत नाही. पंपवाले सकाळी जुन्या उघड्या विहिरी झाकायच्या कामावर जातात, त्यांनीच ते मागून घेतलंय. जोडीदाराची बायको तिसऱ्या गल्लीत राहते. पंपवाल्यांशी अजून बोलत नाही. पण परवा धाकटीला हाक मारून तिने पायरीवर बसवलं, चौकशी केली. सासर, माहेर, बहीण-भाऊ.

"मग तू काय सांगितलंस?" मी विचारलं.

"सांगितलं, एक थोरली बहीण आहे. ती म्हणाली, कुठे असते? मी आपल्या शहराचं नाव घेतलं, तर म्हणाली, असं होय, म्हणजे बाहेर असते. इथे सगळे तसंच म्हणतात ताई. डोंगराच्या या बाजूचं ते आपलं, आणि तुमचं सगळं बाहेर. इंटिरिअर म्हटलं तर कोणाला कळतसुद्धा नाही."

"बाहेर," मी म्हणाले.

"हो. मग मीही तसंच सांगितलं. माझी बहीण बाहेर असते."

तिच्या आवाजात टोमणा होता का, ते ऐकायचा मी प्रयत्न केला. कान जवळ नेला. मागे कोणीतरी भांडी विसळत होतं, तेच ऐकू आलं.

मी विचारलं, "बसला किती तास लागतात ग?"

तिने आधी भांडी थांबवायला सांगितलं. मग म्हणाली, "अकरा. दोनदा बदलावी लागते. दुसऱ्या ठिकाणी पाणी मिळत नाही, बरोबर घ्यावं लागतं."